बारा जागा, पंधरा मुली

संघात बारा मुली असतील, असं प्रशिक्षकाने ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या स्पर्धेत बापाने जाळीबाहेरून मोजल्या, तर पंधरा भरल्या. नऊ मैदानात, सहा बाकावर. त्या सहांत त्याची अकरा वर्षांची लेक होती. शनिवारच्या तीन सामन्यांत मिळून ती चार इनिंग खेळली आणि बाकीचा वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसली. ‘सेकंड बेस तुझाच,’ असं तिला सांगण्यात आलं होतं. त्या जागेसाठी आणखी दोघी होत्या. दोघींनाही हेच शब्द ऐकवले होते, हे दुपारी त्यांच्या आयांशी बोलताना कळलं.

ही २०२३ सालची, टेक्सासमधली गोष्ट. डॅलसच्या उत्तरेला पसरलेल्या उपनगरांतली. बाप मूळचा जळगावचा. जळगावला सॉफ्टबॉल नवा नाही. शालेय स्पर्धांतून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढणारी मुलं-मुली तिथे वर्षानुवर्षं तयार होत आली आहेत, आणि तो त्यांतलाच एक. दहावीत असताना विभागाच्या संघात होता. तिथली निवड चाचणी म्हणजे एक मैदान, एक दिवस आणि संध्याकाळी फळ्यावर लावलेली एक यादी. त्या यादीवरून भांडणं व्हायची, वशिल्याच्या तक्रारी व्हायच्या. पण यादी एकच असायची. नाव आहे की नाही, ते त्याच संध्याकाळी कळायचं आणि पोरं सायकलवर टांग मारून घरी जायची. लेकीच्या हातात पहिला ग्लव्ह दिला तेव्हा निवडीचं हेच चित्र त्याच्या डोक्यात होतं.

अमेरिकेत मुलींच्या सॉफ्टबॉलला दोन दारं आहेत. एक गल्लीतलं: वस्तीतल्या मैदानावर, माफक शुल्क भरून, कुणाचे तरी आईवडीलच प्रशिक्षक, आणि आलेल्या प्रत्येक मुलीला खेळवायचं असा नेम. दुसरं दार ‘ट्रॅव्हल बॉल’चं. टेक्सासात त्याला ‘सिलेक्ट’ म्हणतात. इथे संघ खाजगी असतो, निवड होते, शुल्क मोठं असतं आणि शनिवार-रविवार गावोगावच्या स्पर्धांत जातात. दहा वर्षांखालच्या गटात अकरा इंची चेंडू आणि पस्तीस फुटांवरून पिचिंग; बारा वर्षांखालच्या गटात चेंडू बारा इंची होतो आणि अंतर चाळीस फूट. मुलगी पहिल्या दारातून दोन वर्षं खेळली, चेंडूखाली बरोबर पोचू लागली, आणि एका शेजारणीने सांगितलं, हिला सिलेक्टला न्या.

सगळ्या निवड चाचण्या एकाच सुमारास येतात. उन्हाळ्यातल्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा जुलैअखेर, ऑगस्टच्या सुरुवातीला आटोपतात. मुली वयाने पुढच्या गटात सरकतात आणि दोन-तीन आठवड्यांत शेकडो संघ नव्याने बांधले जातात. टेक्सासात तेव्हा पारा अडतीस-चाळीसला असतो. म्हणून सकाळी आठला किंवा सहानंतर दिव्यांच्या उजेडात मुली मैदानावर येतात. पाठीवर नंबराचा कागद. कुणी होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचा धावण्याचा वेळ घेतो, कुणी रडार बंदुकीने फेकीचा वेग मोजतो. मग जमिनीलगतचे दहा चेंडू, उंच उडालेले पाच, बॅटिंग. पालक कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्यांवर. दोन तासांनी प्रशिक्षक हात मिळवतो आणि म्हणतो, ‘आम्ही कळवतो.’

मुलीने त्या ऑगस्टमध्ये तीन ठिकाणी चाचणी द्यायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी प्रशिक्षक स्वतः चालत आला, ‘मुलगी फार आवडली, उद्या फोन करतो’ म्हणाला. तो फोन कधीच आला नाही. जळगावची आजी व्हिडिओ कॉलवर हे ऐकून म्हणाली, “अरे, हे तर स्थळं बघणं झालं. ‘कळवतो’ म्हणतात आणि ताकास तूर लागू देत नाहीत. आपण मुलीला रोज काय सांगायचं?” आजीने नेमकं ओळखलं होतं. स्पष्ट नकार पचवता येतो. न आलेला फोन अकरा वर्षांची मुलगी रोज नव्याने ऐकत बसते. शाळेतून आली की आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची.

दुसऱ्या संघाची ऑफर रविवारी रात्री पावणेदहाला मेसेजवर आली. सेकंड बेस, बारा जणींचा संघ, वर्षाचं शुल्क २,२०० डॉलर, त्यातले ५०० आत्ता. उत्तराला चोवीस तास. आगाऊ भरलेले ५०० परत मिळणार नाहीत. तिसऱ्या संघाची चाचणी मंगळवारी होती. तिथले प्रशिक्षक शांत, बोलायला साधे, मुलीला ते आवडलेही होते. पण हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं आणि सोमवारी पैसे भरले. मंगळवारी ते गेलेच नाहीत. तसं न कळवता घरी बसले, ही गोष्ट त्याला पुढच्या वर्षी आठवली आणि खुपली.

या पैशाचं मान समजायला एक आकडा उपयोगी पडेल. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या ‘प्रोजेक्ट प्ले’ने अमेरिकी पालकांची जी पाहणी केली, तिच्यानुसार २०२४ साली मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंब वर्षाला सरासरी १,०१६ डॉलर खर्च करत होतं, २०१९पेक्षा हा खर्च ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. म्हणजे या एका संघाचं नुसतं शुल्कच त्या सरासरीच्या दुपटीवर होतं. हॉटेलं, पेट्रोल, तीन-चारशे डॉलरची बॅट आणि इनफील्डला लागणारा चेहऱ्याचा मुखवटा वेगळाच.

मग पंधरा मुलींचं ते शरद सत्र झालं. नोव्हेंबरात पिचरच्या घरच्यांना दुसऱ्या संघाकडून बोलावणं आलं, ती गेली. तिच्यामागून तिची कॅचर गेली. जानेवारीत खुद्द प्रशिक्षक चार मुलींना घेऊन दुसऱ्या संस्थेत गेला आणि उरलेल्यांना एक ईमेल आला. गणवेशाचे, मैदानाचे, स्पर्धांच्या प्रवेशशुल्काचे पैसे खर्च झाले आहेत, तेव्हा परत देण्यासारखं फारसं काही नाही, असा त्याचा आशय होता. मुलीच्या पाठीवरच्या बॅगेवर संघाचं नाव आणि तिचा नंबर भरतकामात होता. एका रविवारी तिने आईची शिवणाची छोटी कात्री घेतली आणि ते नाव टाका टाका करून उसवलं. नंबर ठेवला. धाग्यांची भोकं कापडावर तशीच राहिली.

दाद कुठे मागायची, याचा शोध बापाने घेतला. यूएसए सॉफ्टबॉल ही १९३३ साली अ‍ॅमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय संघटना आहे. तिच्याशिवाय स्पर्धांना मान्यता देणाऱ्या आणखी दोन-चार मोठ्या संस्था आहेत. संघाची नोंदणी, वयाचे दाखले, विमा, पंच, सामन्यांचे नियम ही त्यांची कामं. प्रशिक्षकाने पालकाला तोंडी काय कबूल केलं, हा त्यांचा विषयच नाही. संघ काढायला फार काही लागतही नाही: एक उत्साही बाप, आठ-नऊ मुली, नोंदणी, विमा आणि एखादं झोकदार नाव. यात वाईट असं काही नाही. अशाच बापांमुळे हा खेळ अमेरिकेच्या गावागावांत टिकला आहे. पण त्यांच्या शब्दाला साक्षीदार नसतो.

तो हिवाळा मुलीने गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत काढला. वसंतात कुणाची मुलगी आजारी पडली, कुणाची गावाला गेली, तर तेवढ्यापुरतं ‘गेस्ट’ म्हणून बोलावणं यायचं. उसनी जर्सी घालून ती उभी राहायची. तिथेच, सामन्याआधी मुलींना सराव देताना, बाप बॅटने जमिनीलगत चेंडू मारून द्यायचा. त्याच्या हातातली सफाई एका प्रशिक्षकाने पाहिली. जून २०२४मध्ये त्या माणसाने विचारलं, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर सहायक म्हणून याल का? पगार नाही, सगळे शनिवार-रविवार जाणार. तो हो म्हणाला. आणि कुंपणाच्या आतून तोच ऑगस्ट त्याने पुन्हा पाहिला.

आतून दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे बारा जागा मुळात रिकाम्याच नसतात. जुन्या मुली, प्रशिक्षकांच्या स्वतःच्या मुली धरून त्यांच्या संघात नऊ जागा आधीच गेलेल्या होत्या. चाचणीला सव्वीस जणी आल्या. त्या तीन जागांसाठी. त्यांतली एक पिचरची. मैदानावर घाम गाळणाऱ्या बाकी मुलींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसरी गोष्ट: चांगल्या पिचरच्या खिशात तीन ऑफरी असतात आणि ती शेवटपर्यंत कुणालाच होकार देत नाही. ती ठरत नाही तोवर तिच्या कॅचरचं ठरत नाही, कॅचरचं ठरत नाही तोवर तिसऱ्या बेसचं. म्हणून प्रशिक्षक तीन जागांसाठी पाच-सहा ऑफरी देऊन ठेवतो. सगळ्यांनी होकार दिला की बाराचे पंधरा होतात. आदल्या वर्षीचं कोडं त्याला त्या रात्री प्रशिक्षकाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडलं, आणि राग थोडा निवळला. पूर्ण गेला नाही. जास्तीच्या तीन मुली संघात आल्या तेव्हा त्यांना तसं सांगता आलं असतं.

पालकही धुतल्या तांदळासारखे नसतात. त्याच आठवड्यात एका वडिलांनी शनिवारी होकार दिला, हात मिळवला, मुलीसाठी जर्सीचं माप लिहून दिलं आणि रविवारी दुसऱ्या मैदानावर तिला चाचणीला उभं केलं. बुधवारी ‘आमचा विचार बदलला’ असा मेसेज. त्यांच्या होकारावर विसंबून एका मुलीला नाही म्हटलं गेलं होतं.

आणि मग त्याचीच चूक झाली. पहिल्या चाचणीनंतर एका कॅचर मुलीच्या आईला तो म्हणाला, “आमच्या यादीत ती अगदी वर आहे.” त्याच्या मनात ते खरं होतं. आईने ऐकलं ते असं, की निवड झाली. तिने दुसऱ्या संघाला नकार कळवला. गुरुवारी मुख्य प्रशिक्षकाने एका मुलीची खाजगीत चाचणी घेतली; तिचा हात जास्त वेगवान होता, बेस चोरणाऱ्या मुलीला रोखायला दुसऱ्या बेसवर तिची फेक पाव सेकंद आधी पोचत होती. जागा तिला गेली. फोन करायचं काम सहायकाकडे आलं. ती बाई परिचारिका होती, ड्यूटीतल्या मधल्या सुट्टीत तिने फोन घेतला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “पण तुम्ही म्हणाला होतात.” त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. ‘निवडली’ हा शब्द मी उच्चारला नव्हता, असं म्हणता आलं असतं. त्याला ते म्हणवेना. त्या मुलीला तीन आठवड्यांनी संघ मिळाला, घरापासून तासाभराच्या अंतरावर.

त्या रात्री बायको त्याला म्हणाली, “गेल्या वर्षी आपल्याशी जे झालं, ते कुणी दुष्टपणे केलं नसेलच कदाचित. तुझ्यासारखंच कुणीतरी बोलून गेलं असेल.” वर्षभरात कुणी त्याला इतकं लागेल असं बोललं नव्हतं.

या सगळ्याला घाई येते ती कुठून, याचं एक उत्तर कॉलेजात आहे. २०२४च्या जुलैत निजारी कॅनेडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकमध्ये गेली आणि तिच्या कराराचा दहा लाख डॉलरहून मोठा आकडा टेक्सासच्या घराघरांत पोचला. ऑगस्टच्या चाचण्यांत प्रशिक्षकांच्या तोंडी कॉलेजचं नाव वारंवार येऊ लागलं. खरी परिस्थिती अशी, की कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, म्हणजे डिव्हिजन एकच्या, सॉफ्टबॉल संघाला कित्येक वर्षं एकूण बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा होती आणि ती वीसेक मुलींत वाटली जायची. २०२५-२६पासून, खेळाडूंना थेट मोबदला देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांना ती मर्यादा राहिली नाही, पण संघात पंचवीसच मुली ठेवायच्या अशी अट आली. शिवाय २०१८मध्ये कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने नियम केला, की मुलगी अकरावीत जाईपर्यंत, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी, कॉलेजच्या प्रशिक्षकाने तिच्याशी भरतीची बोलणी करायची नाहीत. सहावी-सातवीतल्या मुलीच्या पालकाला कॉलेजच्या नावाने चोवीस तासांत पैसे भरायला लावणाऱ्या माणसाकडे हा नियम दाखवून त्याचं उत्तर मागावं. टेबलावर पेन ठेवून शांतपणे मागावं.

२०२४च्या त्या ऑगस्टनंतर बापाने मुख्य प्रशिक्षकाकडे एक कागद नेला. ऑफर तोंडी द्यायची नाही, एका पानावर द्यायची. संघात जास्तीत जास्त किती मुली, या मुलीला कोणत्या दोन जागांवर खेळवण्याचा विचार आहे, त्या जागांवर आधीपासून कोण आहे, स्पर्धा किती, शुल्क किती, संघ मोडला तर कोणत्या महिन्यात किती पैसे परत. विचाराला बहात्तर तास. आणि जिला घ्यायचं नाही, तिला दोन दिवसांत फोन. मुख्य प्रशिक्षकाचं म्हणणं सरळ होतं: “बाकीचे संघ थांबत नाहीत. आपण तीन दिवस दिले तर पिचर जाईल.” तो खोटं बोलत नव्हता. संघातली तिसऱ्या पिचरची जागा हिवाळ्यात रिकामी झाली तेव्हा त्यांनी एका पिचरला असा कागद दिला, बहात्तर तास दिले, आणि चाळिसाव्या तासाला ती दुसरीकडे गेली. त्या वसंतात त्यांचा संघ जिंकला त्याहून जास्त सामने हरला. तिसऱ्या पिचरविना रविवारच्या सामन्यांपर्यंत मुलींचे हात थकायचे. सचोटीची ही किंमत त्यांनी मोजली, आणि ती मुलींनीही मोजली, हे लपवून उपयोग नाही. मात्र जुलैच्या शेवटच्या स्पर्धेत बाकावर आणि मैदानावर मिळून ज्या बारा मुली होत्या, त्यांतल्या अकरा जणी ऑगस्टपासूनच्या होत्या.

मधे मे महिन्याच्या अखेरीस बाप-लेक ओक्लाहोमा सिटीला जाऊन आले. डॅलसहून सरळ उत्तरेला तीन तासांचा रस्ता. डेव्हन पार्क या मैदानावर विद्यापीठांची ‘विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज’ होते. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिंपिकमधलं सॉफ्टबॉलही तिथेच होणार आहे. त्या २०२५च्या स्पर्धेची अंतिम लढत टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक अशी ठरली आणि टेक्सासने पहिल्यांदाच विजेतेपद घेतलं. ते दोघे सुरुवातीच्या फेरीचे सामने पाहून परतले होते. तिथे मुलगी बॅटिंग फारशी पाहत नव्हती. सेकंड बेसवरची खेळाडू चेंडू येण्याआधी पाय कसे सोडवते, तेच दोन सामने बघत होती. परतताना गाडीत तिने एक प्रश्न विचारला: “बाबा, ह्या सगळ्यांना पण कुणीतरी ‘कळवतो’ म्हणालं असेल ना?” असेल, तो म्हणाला.

आता डॅलसकडच्या मराठी घरांतून दरवर्षी दोन-तीन फोन त्याला येतात. मुलगी नऊ-दहा वर्षांची, सिलेक्टला न्यायचंय, काय करू? तो आधी विचारतो, तिला न्यायचंय की तुम्हाला? मग सांगतो: चाचणीआधी त्या संघाचा एखादा सराव लांबून बघा. मुलीने चेंडू सोडला तर प्रशिक्षक काय बोलतो, ते ऐका. गेल्या वर्षीच्या किती मुली यंदा राहिल्या, हे विचारा. या एका आकड्यात बरंच कळतं. तुमच्या मुलीच्या जागेवर प्रशिक्षकाची मुलगी खेळते का, तेही विचारा, संकोच करू नका. लिहून मिळेपर्यंत दुसऱ्याला नाही म्हणू नका. एकदा हो म्हणालात, की दुसऱ्या मैदानावर जाऊ नका. आणि ज्या चाचणीला जायचं रद्द केलं, तिथे एक ओळीचा मेसेज टाका. हे शेवटचं सांगताना त्याला २०२३चा तो मंगळवार आठवतो.

मुलगी आता चौदा वर्षांखालच्या गटात आहे. पिचिंगचं अंतर त्रेचाळीस फुटांवर गेलं आहे, चेंडू बॅटवरून वेगाने सुटतो, सेकंड बेसवर विचाराला वेळ उरत नाही. तिची निवड या वेळी बाबाने केली नाही; तिच्या चाचणीच्या वेळी तो दुसऱ्या मैदानावर लहान मुलींचा संघ बघत होता, आणि तिच्या गटाच्या प्रशिक्षकांनी तिला तेच एक पान दिलं. तिने घरी आणून स्वयंपाकघरात ते दोनदा वाचलं. सही आईने केली.

त्या ऑगस्ट २०२५मध्ये लहान गटाच्या चाचणीला चौतीस मुली आल्या. सुरुवातीलाच, कुंपणाबाहेरच्या सगळ्या पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं, की जागा पाच आहेत. दोन कुटुंबं तिथूनच परत गेली; त्यांनी जाताना आभार मानले. ऑफरी सात द्याव्या लागल्या, पण सहावी आणि सातवी दोघींना आपण राखीव आहोत हे आधीपासून ठाऊक होतं. बाकीच्या पंचवीस जणींच्या घरी सोमवारी आणि मंगळवारी फोन गेले. प्रत्येकीला काय चांगलं जमलं आणि कशावर काम करायला हवं, ते त्याने वहीत बघून सांगितलं. मंगळवारी रात्री सव्वानऊला शेवटचा फोन झाला. पलीकडून मुलीनेच उचलला होता. नकार ऐकून तिने विचारलं, पुढच्या वर्षी तारीख कधी असते. त्याने तारीख बघून सांगितली.